शून्य माझं, अक्षरं त्याची

राजदीप पुण्याहून परत आला आणि पहिल्याच आठवड्यात त्यानं मला सांगितलं की माझी भाषा गावंढळ आहे. बोलण्याची नव्हे, ती तर आहेच. संगणकाची. हे त्यानं माझ्याच घरी, माझ्याच हातचा चहा पिऊन सांगितलं, आणि वर 'मॅडम' म्हणून सांगितलं. आदर ठेवून अपमान कसा करायचा, हे पुण्यात बरंच शिकवत असावेत.

मी कौसल्या मुनेश्वर. पुसदच्या एका खासगी प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्याला एकतीस वर्षं झाली. राजदीप माझाच विद्यार्थी. दोन हजार सहा साली मी प्रोग्रामिंगची एक छोटी भाषा तयार केली आणि तिचं नाव कासरा ठेवलं. बैलाला वळवायला कासरा लागतो, तसा पंपाला वळवायला हा. टाकी भरली का बघ, मोटर चालू कर, मोटर बंद कर, एवढंच त्याचं काम. त्यात कुणी चंद्रावर यान पाठवावं अशी माझी अपेक्षा नव्हती.

पुसद, महागाव, उमरखेड या बाजूला एक्केचाळीस ठिकाणी कासरा चालायचा. बहुतेक पाणी योजना, दोन-तीन कापसाच्या जिनिंग, एक कोंबड्यांची पिल्लं काढणारा कारखाना. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. त्या काळी संगणकावर मराठी टाइप करायचं म्हणजे फॉन्टांची जत्रा. एकाच्या घरी लिहिलेलं 'पाणी' दुसऱ्याच्या घरी चार चौकोन होऊन दिसायचं. म्हणून 'वाच पातळी' हे VACH PATALI असं लिहायचं. ते लिहिणारी माणसं बारावी नापास पंप ऑपरेटर होती आणि त्यांची शाळा म्हणजे माझा फोन नंबर.

कासऱ्याचे प्रोग्राम कुणी बसून लिहिले नाहीत. ते फोनवर सांगितले गेले. ऑपरेटर तिकडे संगणकासमोर, मी इकडे फोडणीसमोर. मी एकेक अक्षर सांगायची आणि तो परत म्हणायचा. "पुसदचा पी?" "पुसदचा पी." "आर्णीचा ए?" "आर्णीचा ए. मंग तळेगावचा टी, पुन्हा आर्णी, लाडखेडचा एल, इसापूरचा आय." एवढा निम्मा जिल्हा फिरून झाला की 'पातळी' पूर्ण व्हायची. यात पुसदचा पी मोठा की लहान, हा प्रश्न एकोणीस वर्षांत कुणी विचारला नाही, कारण बोललेल्या अक्षराला मोठं-लहान नसतं.

म्हणून कासऱ्यालाही तो भेद कळत नव्हता. PATALI लिहा, Patali लिहा, patali लिहा, त्याच्या लेखी पातळी ती पातळी. आपल्या बाराखडीत तरी कुठे आहे मोठं आणि लहान अक्षर? माझ्या आजोबांनी छप्पन साली माणसांतला उच्च-नीच भेद झुगारून दिला होता. अक्षरांतला पाळायला मी काही बसले नव्हते.

या एक्केचाळीस ठिकाणांपैकी सगळ्यात मोठं ठिकाण म्हणजे बारा गावांची पाणी योजना. तिचं पंपघर महागावच्या अलीकडे, रामधन तांड्याजवळ. तिथला ऑपरेटर लखीराम राठोड. एकोणीस वर्षं कंत्राटी, दर अकरा महिन्यांनी एक दिवस बेकार होऊन परत कामावर. त्याला कायम करायची फाइल या वर्षी कुठे वर सरकली होती. माणूस सावकाश, नेटका. फोनवर मी एक ओळ सांगितली की 'हो जी' म्हणायचा आणि टाइप करून झाली की परत 'हो जी' म्हणायचा. या दोन 'हो जीं'च्या मध्ये माझी भाजी चिरून व्हायची.

आता माझी चूक सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

लखीरामच्या प्रोग्राममध्ये पंप किती तास चालला ते मोजायचं होतं. दर तासाला 'तास'मध्ये एक मिळवायचा. पण हा 'तास' सुरू कितीपासून होतो, हे संगणकाला सांगायला तो विसरला. संगणक थांबला आणि म्हणाला, हे नाव मला माहीत नाही. लखीरामनं फोन केला. दुसऱ्या दिवशी उमरखेडहून असाच फोन आला, मग जिनिंगवरून. मी जेवायला बसले की कुणाचं तरी 'तास' नाहीतर 'मोज' अडायचं. मी चिडले आणि कासऱ्यात एक नियम घातला: ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर थांबू नकोस, त्याची किंमत शून्य धर. फोन बंद झाले. मी सुखानं जेवले.

दुसऱ्याच वर्षी मला कळलं की हा नियम घातक आहे. माहीत नसलं की 'माहीत नाही' म्हणणं हा शहाणपणा असतो. मी माझ्या भाषेला न कळता मान डोलवायला शिकवलं होतं, आणि तशी माणसं आपल्याकडे आधीच पुष्कळ आहेत. पण तोवर चाळीस प्रोग्राम त्या शून्याच्या भरवशावर बसले होते. नियम काढला असता तर एका सकाळी चाळीस पंप 'हे नाव मला माहीत नाही' म्हणून बसले असते. म्हणून मी तो ठेवला. आणि त्याचं तत्त्वज्ञान केलं. वर्गात सांगायची, 'नवं घर बांधताना जुन्या घरातल्या माणसांना उन्हात उभं करायचं नसतं.' पोरं ते वहीत उतरवून घ्यायची. राजदीपनंही उतरवून घेतलं असेल.

तर हा राजदीप पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आला. आमच्या संस्थेत लागला आणि कासऱ्याची नवी आवृत्ती काढायची म्हणाला. त्याच्या दोन मागण्या होत्या. मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मानायची, ही एक. अनोळखी नाव दिसलं की थांबायचं, शून्य धरायचं नाही, ही दुसरी.

"अक्षरं कायले वेगळी?" मी विचारलं.

"जगातल्या सगळ्या सिरियस लँग्वेजमध्ये असतं, मॅडम."

"जगातल्या सिरियस लोकायले लखीराम फोन नाई करत."

"फोनवर प्रोग्राम सांगायचा, हीच तर चूक आहे," तो म्हणाला. "पुण्यात मी हे सांगितलं तर लोक हसतात."

आता कळलं ना कशासाठी. पुण्यातली चार पोरं कँटीनमध्ये हसली म्हणून एक्केचाळीस पंपांनी अक्षरं बदलायची. दुसरी मागणी मात्र त्याची बरोबर होती. ती बरोबर आहे हे मला अठरा वर्षांपासून माहीत होतं, म्हणून तर मी तिच्याविरुद्ध जास्त जोरात बोलले.

निकाल लावायला बैठक बसली पंजाबराव इंगोल्यांकडे. पंजाबराव पाणी योजनेचे अध्यक्ष आणि आमच्या संस्थेचेही अध्यक्ष. आमच्याकडे खुर्च्या कमी नाहीत, पण बसणारे तेच असतात. या माणसानं तीस वर्षं पंचक्रोशीतले धुऱ्याचे तंटे मिटवले आहेत. दोन शेतांमधला बांध कुणाचा, यावर भाऊ भावाचं डोकं फोडतो. पंजाबराव जातात, दोघांना हात हात सरकवतात, मध्ये दगड रोवतात आणि चहा पितात. ती त्यांची विद्या. भाषा कशी करावी, हा प्रश्नही त्यांना धुऱ्याचाच वाटला.

तासभर आम्ही दोघं तावातावानं बोललो. पंजाबराव सुपारी कातरत होते. शेवटी अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "म्याडम, तुमी दोनी गोष्टीले नाई म्हनता. हा पोरगा दोनीले हो म्हनते. असं कसं जमन? याची एक घेऊ, तुमची एक घेऊ. अक्षरं याच्या मनानं, शून्य तुमच्या मनानं. झालं."

खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलवल्या. किती समतोल निर्णय. जमीन अर्धी वाटली तर अर्धी-अर्धी जमीन उरते. पण या दोन नियमांची वाटणी केली तर काय होतं, हे खोलीत फक्त दोघांना माहीत होतं. दोन्ही राजदीपचे घेतले असते तर पंप थांबून ओरडले असते. दोन्ही माझे ठेवले असते तर जुनं चाललं होतं तसं चाललं असतं. एकेक घेतला की संगणक वरच्या ओळीतल्या PATALI आणि खालच्या ओळीतल्या patali ला दोन वेगळी नावं समजणार, खालचं अनोळखी म्हणून गुपचूप शून्य धरणार, आणि कुणाला काही सांगणार नाही. राजदीपनं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याला त्याची अक्षरं मिळाली होती, मला माझं शून्य. आम्ही दोघांनी 'सर्वानुमते' लिहिलेल्या कागदावर सह्या केल्या.

मला तेव्हा वाटलं होतं, प्रोग्राम तपासताना सापडेलच. तपासणार कोण, हे मी विचारलं नाही. कामाचं ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर आहे असं समजलं की माणसाला झोप छान लागते.

नव्या आवृत्तीचा समारंभ झाला. फ्लेक्सवर राजदीपचा फोटो कासऱ्याच्या नावापेक्षा मोठा होता. नारळ फुटला. व्हॉट्सअॅपवर सगळ्या ऑपरेटरांना पत्रक गेलं: 'आपापले प्रोग्राम तपासून घ्यावेत.' कसे तपासावेत, ते पत्रकात नव्हतं. जानेवारीच्या एका गुरुवारी राजदीपनं लखीरामच्या पंपघरात नवी आवृत्ती बसवली. प्रोग्राम सुरू केला, सुरू झाला. काही तक्रार नाही, काही लाल अक्षर नाही. टाकी भरून पंप बंद होतो का, हे बघायला रात्रभर थांबावं लागलं असतं. राजदीप चहा घेऊन निघाला, कारण अजून दोन ठिकाणी जायचं होतं.

आमच्याकडे मोटारीची लाइट रात्री येते. ती आली, पंप चालू झाला आणि लखीराम एकोणीस वर्षं जे करत होता तेच करून घरी जाऊन झोपला. टाकी नव्वद टक्के भरली की संगणक पंप बंद करायचा. त्या रात्रीही त्यानं दर मिनिटाला विचारलं: patali नव्वदच्या वर गेली का? आणि दर मिनिटाला स्वतःच उत्तर दिलं: नाही, शून्य आहे.

सकाळी सहाला फोन आला. "म्याडम, टाकी सांडली जी. हिरीतलं पानी आटलं न मोटर कोरडी चालली. जळली."

"तुमी कुठं होतात?"

"घरी. मले काय ठाऊक."

मी पोचले तेव्हा राजदीप आधीच आला होता. टाकीखालच्या वावरात घोट्याएवढं पाणी होतं. वावर पंजाबरावांचं, आणि त्यात कापून रचलेली तुरीची गंजी खालून वरपर्यंत भिजलेली. नुसतं सार्वजनिक पाण्याचं नुकसान झालं असतं तर चौकशी उन्हाळ्यात बसली असती. अध्यक्षांची तूर भिजली म्हणून ती मंगळवारी ठरली.

प्रोग्राम पाहायला मला दोन मिनिटं लागली. वर VACH PATALI, सगळं मोठ्या अक्षरांत. खाली patali, सगळं लहान. मधल्या कुठल्या तरी वर्षी कॅप्स लॉक निघालं असणार. राजदीपलाही दोनच मिनिटं लागली असतील. पंजाबराव दारात उभे होते, बुटांना चिखल.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"टायपिंग एकसारखं नाही," राजदीप म्हणाला. "वर एक लिहिलं, खाली वेगळंच लिहिलं."

हे खोटं नव्हतं. खोटं बोलायला धीटपणा लागतो. तो त्यानं खर्च केला नाही. आणि मी? माझी जीभ गावभर प्रसिद्ध आहे. ती त्या वेळी टाळूला चिकटून बसली.

लखीरामला नोटीस मिळाली. प्रोग्राम चुकीचा टाइप केला, हा एक ठपका. कामाच्या जागी हजर नव्हता, हा दुसरा. चौकशीत सिद्ध झालं तर कामावरून कमी आणि कायम करायची फाइल बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे पुस्तकात वाचायला बरं वाटतं. इथे संन्याशाच्या घरी बायको धुरपताबाई होती, नर्सिंगला शिकणारी मुलगी राखी होती, आणि एकोणीस वर्षांनी आता कुठे कायम होणार म्हणून अख्ख्या तांड्याला सांगून ठेवलेलं होतं. बारा गावांत टँकर फिरू लागले आणि टँकरमागे उभा राहणारा प्रत्येक जण लखीरामचं नाव घेऊ लागला.

रविवारी राजदीप माझ्याकडे आला. या वेळी चहा घेतला नाही.

"मॅडम, आपण काही बोललो तर कासरा जातो," तो म्हणाला. "पंजाबराव सगळ्या ठिकाणचा काढून टाकतील. पंप चालवायचे कंपनीचे तयार डबे लावतील. तुमचं एकोणीस वर्षांचं काम."

"न लखीराम?"

"त्याला दुसरीकडे लावता येईल. मी बोलतो कुणाशी तरी."

"कोनाशी?"

त्यानं फोन काढला, नावं वरखाली सरकवली आणि परत खिशात ठेवला. मी त्याला म्हटलं की तुझ्यासारख्या माणसाला मोठं अक्षर आणि लहान अक्षर यातला फरक कळतो, एवढंच कळतं. तो उठून गेला. दाराबाहेर मात्र वळून म्हणाला, "बैठकीत तुमी बी गप्पच होत्या." पुण्याचं पाणी उतरलं की बोली बरोबर वर येते. आणि मला राग आला तो याचा की ते खरं होतं.

सोमवारी दुपारी लखीराम आला. हातात शंभर पानी वही. खुर्चीवर बसला नाही, उंबऱ्याजवळ टेकला.

"म्याडम, पाहा बरं आता," म्हणाला आणि वही उघडली. त्यानं सगळा प्रोग्राम हातानं लिहून काढला होता. सात वेळा. सगळी अक्षरं लहान, एकेक ओळ पट्टीनं आखलेली. "एक बी मोठं नाई. राखीनं तपासलं. उद्या साहेबायले दाखवीन म्हनतो, आता शिकलो म्हनून."

"लखीराम भाऊ, तुमची चूक—"

"म्याच चुकलो जी," तो मध्येच म्हणाला. "ते कॅप्सचं बटन अडकते. म्या ध्यान नाई देलं. याडी, माही माय, म्हने, हातात घेतलं काम का डोये उघडे ठेवून कराव. म्हातारी खरंच सांगे."

सात वेळा लिहिलेली ती वही मी हातात धरून बसले. त्याला सांगायला हवं होतं, पण मी म्हटलं, 'अक्षर छान आहे.' त्याला चहा दिला. तो गेल्यावर मला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याचा कप विसळायलाही मी उठले नाही.

मंगळवारी चौकशी. पंजाबराव मध्ये, समितीची चार माणसं दोन बाजूंना, राजदीप कोपऱ्यात, लखीराम उभा. त्याच्याकडे वही होतीच. त्यानं ती उघडायच्या आत मी उठले.

मी तासभर बोलले. फळ्यावर वर PATALI लिहिलं, खाली patali लिहिलं आणि शेजारी भलं मोठं शून्य काढलं. नुसती अक्षरं वेगळी झाली असती तर काही बिघडलं नसतं, संगणक थांबला असता. नुसतं शून्य असतं तरी बिघडलं नसतं, एकोणीस वर्षं नव्हतं बिघडलं. या खोलीत बसून आपण दोन्ही एकत्र केलं. लखीरामनं जे टाइप केलं ते तेव्हाच्या नियमाप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं. नियम आपण त्याच्या पायाखालून काढला आणि पडला म्हणून त्यालाच नोटीस दिली. आणि ऑपरेटरनं रात्री घरी जाऊ नये असं होतं तर संगणक बसवला कशाला, गुरगुट्या भात शिजवायला? समितीतला एक जण हसला, पंजाबराव हसले नाहीत.

"अक्षरायचा नियम कोनाचा?" त्यांनी विचारलं.

मी राजदीपकडे पाहिलं नाही. "शून्याचा नियम माहा," मी म्हटलं. "दोन हजार सहापासून. तो चुकीचा हाय, हे मले दुसऱ्याच साली समजलं होतं. बैठकीत बी ठाऊक होतं. तुमी वाटनी केली तवा काय होईन, ते बी ठाऊक होतं. म्या सही केली."

मग कोपऱ्यातून राजदीप म्हणाला, "अक्षरं माही होती." आवाज इतका बारीक की लहान अक्षरांत लिहावा. उशिरा का होईना बोलला, असं म्हणायची रीत आहे. मी म्हणत नाही. शुक्रवारी सकाळी बोलायला हवं होतं, त्यानंही आणि मीही.

पंजाबरावांनी सुपारी तोंडात टाकली. मला कळलं, आता दगड रोवणार. "हे पाहा," ते म्हणाले, "अर्धी चूक तुमा दोघायची, अर्धी लखीरामची. तो घरी तं झोपला होता न? त्याले नुसती ताकीद देऊ, फाइल यंदा थांबवू—"

"हा धुरा नोहे, पंजाबराव भाऊ," मी म्हटलं. "याच्यात त्याची चार बोटं बी नाई. म्या लेखी देऊन राह्यली, तुमाले ते वर पाठवा लागन. न पाठवलं तं म्या पाठवीन, बैठकीच्या कागदासंगं. त्याच्यावर तिसरी सही तुमची हाय."

शेवटचं वाक्य त्यांना सगळ्यात चांगलं समजलं. लखीरामवरची नोटीस मागे घेतली. फाइल जिथे होती तिथेच राहिली, म्हणजे चालू राहिली. कासरा एक्केचाळीसही ठिकाणचा काढून कंपनीचे डबे लावायचे, हा ठराव पाच मिनिटांत झाला आणि या वेळी तो खरंच सर्वानुमते झाला, कारण मीही हात वर केला. आपण बनवलेली गोष्ट आपल्याच हातानं काढून टाकताना काय वाटतं? वाईट वाटतं. दुसरा चांगला शब्द मला माहीत नाही.

बाहेर आले तर लखीराम गाडीजवळ उभा होता. मी त्याच्या दिशेनं गेले, आणि खरं सांगते, तो हात जोडेल असं मला वाटत होतं. 'राहू द्या हो' म्हणायची तयारीही मी मनात करून ठेवली होती.

त्यानं हात जोडले नाहीत. वही गाडीच्या डिक्कीत ठेवली आणि विचारलं, "म्याडम, तुमाले कवापासून ठाऊक होतं म्हनल्या?"

"दुसऱ्या सालापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"एक्केचाळीस ठिकानं होती, भाऊ. जुने सगळे प्रोग्राम बंद पडले असते. तुमचा बी. तुमाले तरास झाला असता."

"माह्या पोग्राममंदी काय कमी होतं?"

"एक ओळ. तास शून्यापासून सुरू होते, तेवढी."

"तास बराबर शून्य." त्यानं ते सावकाश म्हटलं, फोनवर म्हणायचा तसं. "तळेगाव, आर्णी, एस कोनता धरा, सावळी. तीन अक्षरं न एक शून्य."

"हो."

"म्या लिवली असती जी. त्याच दिवशी लिवली असती. उमरखेडवाल्यानं बी लिवली असती. एकोनीस सालात तुमी मले हजार ओळी सांगतल्या, एक अजून झाली असती." त्यानं डिक्की बंद केली. त्याचा आवाज चढला नव्हता. "आमाच्यानं होनार नाई, असं वाटलं तुमाले."

तो विचारत नव्हता. मला राजदीपचा राग होता, कारण तो लखीरामला अडाणी समजत होता आणि तसं दाखवत होता. मी एकोणीस वर्षं त्याची काळजी घेत होते, जुनं मोडू देत नव्हते, त्याला उन्हात उभं करत नव्हते. आणि या एकोणीस वर्षांत मी एकदाही त्याला विचारलं नव्हतं की भाऊ, एक ओळ वाढवाल का.

चार वाजता नवी मोटर बसवायला मिस्त्री येणार होता, म्हणून लखीरामला थांबता येत नव्हतं. त्यानं गाडीला किक मारली, 'येतो जी' म्हणाला आणि महागावच्या रस्त्याला लागला. आत मी राजदीपबद्दल, पंजाबरावांबद्दल, सगळ्या दुनियेबद्दल तासभर बोलले होते. त्याला मात्र 'नाही हो, तसं नव्हतं' एवढं मला म्हणता आलं नाही, कारण तसंच होतं.